कंटेंट रायटिंगचं काम, सात दिवसांची मुदत आणि वकिलाची नोटीस

‘घरबसल्या कंटेंट रायटिंग, अनुभवाची अट नाही, रोज फक्त दोन तास’ अशी जाहिरात दिसली की बहुतेक जण एकच गोष्ट तपासतात: नोंदणीचे पैसे मागतात का? मागत नसतील तर काम खरं असावं, असं धरून पुढे जातात. घात तिथेच होतो. या प्रकारात सुरुवातीला एक रुपयाही मागत नाहीत. पैसे मागतात काम संपल्यावर, आणि तेही फी म्हणून नाही, ‘नुकसानभरपाई’ म्हणून. कॉलेजातली मुलं, बाळंतपणात नोकरी सुटलेल्या बायका, निवृत्त शिक्षक, म्हणजे ज्यांना लिहिता येतं आणि हाताला काम हवं आहे, तेच यात सापडतात. म्हणून ही साखळी कडी-कडीने सांगायला हवी.

पहिला फोन अगदी सभ्य असतो. ‘मॅडम, तुमची प्रोफाइल सिलेक्ट झाली आहे.’ मग आधार, पॅन, फोटो आणि कोऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो मागतात. या शेवटच्या मागणीवर थांबा. सही मजकुराखाली करायची असते. कोऱ्या कागदावरची सही कुठल्याच प्रामाणिक माणसाला लागत नाही. तासाभरात तीच सही एका पीडीएफमध्ये चिकटवलेली परत येते. वर स्टॅम्प पेपरचं चित्र, खाली बारीक टायपातली इंग्रजी पानं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुमची सही. सगळीकडे तोच तिरकेपणा, शेवटच्या अक्षराची तीच तुटलेली शेपूट, कारण एकच फोटो सगळीकडे डकवलेला असतो. ‘ही फॉर्मॅलिटी आहे’ असं फोनवर सांगतात आणि लगेच लॉगिन आयडी पाठवतात. तिथून सात दिवसांचं घड्याळ सुरू.

नाव कंटेंट रायटिंगचं, पण काम असतं धूसर स्कॅन पाहून फॉर्म भरण्याचं किंवा छापील पानं जशीच्या तशी टाइप करण्याचं. अट असते ९० टक्के अचूकतेची. ऐकायला ती सोपी वाटते, आणि सगळा सापळा या एका आकड्यात आहे. अचूकता अक्षरांवर मोजत नाहीत, फॉर्मवर मोजतात. एका फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं की तो अख्खा फॉर्म बाद.

हिशेब करून पाहा. समजा ५०० फॉर्म आहेत आणि प्रत्येकात २०० अक्षरं. एकूण एक लाख अक्षरं झाली. मिनिटाला ३० शब्द टाइप करणाऱ्याला हे साधारण ११ तासांचं काम. सात दिवसांत ११ तास म्हणजे काहीच नाही, म्हणून माणूस आनंदाने होकार देतो. आता चुकांकडे या. हजार अक्षरांमागे एकच चूक करणारा माणूस चांगला टायपिस्ट म्हणावा लागेल. पण त्याच्याही शंभर फॉर्मांतले जवळपास ८२ च निर्दोष निघतात. ९० निघायला सुमारे १९०० अक्षरांत एकच चूक परवडते. त्यात स्कॅनमध्ये शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, एक आहे की लहान ‘एल’, दोन शब्दांत एक जागा सोडली आहे की दोन, हे मुद्दाम कळू नये असंच ठेवलेलं असतं. शिवाय तपासणी त्यांच्याच हातात, आणि बरोबर उत्तरांची प्रत तुम्हाला कधीच दाखवत नाहीत. कोणी फारच नेटाने काम केलं तर सहाव्या-सातव्या दिवशी साइट चालेनाशी होते आणि ‘सबमिट’ करताच येत नाही. तुमच्या नेटकेपणाचा इथे काही उपयोग नाही. हा खेळ जिंकता येत नाही, हे आधीच समजलेलं बरं.

आठव्या दिवशी आवाज बदलतो. ‘क्वालिटी रिपोर्ट’मध्ये तुम्ही नापास, करारानुसार पोर्टल वापरल्याचे अमुक हजार भरा. रक्कम नीट विचार करून ठेवलेली असते: वकील गाठण्यापेक्षा भरून टाकणं स्वस्त वाटावं, घरात कोणाला सांगावं लागू नये. नाही म्हटलं की वकील म्हणवणाऱ्याचा फोन येतो आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर नोटीस.

ती नोटीस घाबरून बंद करू नका, मोठी करून पाहा. डोक्यावर चार सिंहांची राजमुद्रा असते. खासगी वकिलाला आपल्या कागदावर ती छापता येत नाही. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. मजकुरात ‘२४ तासांत अटक’, ‘पोलीस घरी येतील’ असं लिहिलेलं असतं. कराराचा भंग हा दिवाणी मामला आहे. करारात ठरलेलं काम जमलं नाही म्हणून कोणाला अटक होत नाही. खटल्याचा क्रमांक दिला असेल तर तो ईकोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर टाका. खऱ्या दाव्याला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो तिथे सापडतो. वकिलाचं नाव असेल तर सनद क्रमांक मागा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची सनद असेल तर सुरुवातीला इंग्रजी एमएएच, मग क्रमांक, मग वर्ष अशी तिची रचना असते. हा प्रश्न विचारला की पलीकडचा बहुधा चिडतो किंवा फोन ठेवतो. आणि समजा नोटीस खऱ्या वकिलाची निघाली, तरी ते एक पत्र आहे, कोर्टाचा हुकूम नाही. समन्स कोर्टाकडून येतं, ‘लीगल डिपार्टमेंट’कडून नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १९ प्रमाणे फसवून घेतलेला करार, ज्याला फसवलं त्याला रद्द ठरवता येतो. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा कितीही मोठा आकडा लिहिला तरी मिळते ती वाजवी भरपाईच. आणि सही करणारा अठराच्या आतला असेल तर तो करार मुळात करारच नाही.

पैसे भरू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. ‘एकदाचे देऊन मोकळं व्हावं’ ही भावना खरी असते, पण मोकळं कोणी होत नाही. पहिली रक्कम गेली की ‘एनओसी’चे वेगळे, ‘केस मागे घेण्याचे’ वेगळे, ‘कोर्ट फी’चे वेगळे, असे हप्ते सुरू होतात. ज्याने एकदा भरले तो पुन्हा भरेल, हे त्यांना ठाऊक असतं.

नंबर ब्लॉक करण्याआधी पुरावा जमवा. पूर्ण चॅट (वर नंबर दिसेल असा), कराराची पीडीएफ, लॉगिनच्या साइटचा पूर्ण पत्ता, ईमेल, आणि पैसे गेले असतील तर यूपीआय आयडी आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं. रक्कम बँक खात्यांतून काढून घेतलेली नसेल तरच ती गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं महत्त्वाची आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार घरी बसून करता येते. पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असं सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यायची असते. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी मध्ये बसतं, तर भीती घालून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये.

आधार-पॅन देऊन बसला असाल तर एवढं तरी करा: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डं आहेत ते पाहा, आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून वर्षाला मिळणारा मोफत अहवाल काढून अनोळखी कर्ज दिसतं का बघा.

आता जे खरंच लिहून पोट भरतात त्यांच्याबद्दल. त्यांना कोणी फॉर्म भरायला देत नाही. त्यांना ‘सॅम्पल’च्या नावाखाली नागवतात. परीक्षा म्हणून हजार शब्दांचा लेख मागायचा, दहा जणांना दहा वेगळे विषय द्यायचे, दहाही जणांना ‘आम्ही कळवतो’ म्हणायचं. महिन्याचा मजकूर फुकटात तयार. हे ओळखायची खूण मागणीच्या तपशिलात असते. ‘सोलापुरात घराच्या छतावर सोलर बसवण्याचा खर्च’ इतका नेमका विषय, सोबत बारा कीवर्ड (लेखात यायलाच हवेत असे शोधशब्द), त्याच साइटवरच्या पानांचे दोन दुवे आणि १५५ अक्षरांचं मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे गूगलच्या यादीत पानाखाली दिसणारा सारांश. लेखकाची भाषा तपासायला मेटा डिस्क्रिप्शन कशाला लागतं? ते छापायलाच लागतं. तुमचे जुने लेख पाठवा, किंवा २००-३०० शब्दांचा नमुना नेहमीच्या दराने लिहून देतो म्हणा. फुकटच हवा असेल तर विषय तुम्ही निवडा. नाकारलेला नमुना तीन आठवड्यांनी अवतरणचिन्हांत घालून शोधा. एखादं ठसठशीत वाक्य पुरतं. छापलेला सापडला तर घाबरायचं त्यांनी आहे: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत नसताना लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखक असतो, आणि कलम १९ प्रमाणे सहीच्या लेखी कागदाशिवाय ती मालकी दुसऱ्याकडे जात नाही. गूगलच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवरून ते पान शोधातून काढायला लावता येतं.

दुसरा प्रकार अधिक सावकाश चालतो. पहिले दोन लेख, पैसे त्याच संध्याकाळी. मग पाच लेख, पैसे आठवड्याने. मग एकदम चाळीस लेख, ‘बिल एकत्रच काढा’. इथे माणूस नाहीसा होतो. विश्वास बसला तरी उधारीची मर्यादा वाढवू नका; आधीच्या कामाचे आल्याशिवाय पुढचं पाठवायचं नाही, एवढाच नियम ठेवा. ‘प्रसिद्ध झाल्यावर पैसे’ ही अट तर कधीच मान्य करू नका, कारण प्रसिद्ध करणं तुमच्या हातात नाही. ग्राहक भारतातला असेल तर आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योजक म्हणून सरकारकडची नोंदणी, फार उपयोगी पडते. ती मोफत आहे, आणि काम सुरू होण्याआधी केलेली असावी. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी ही ओळ आणि उद्यम क्रमांक छापा. अनेकदा त्या ओळीनेच काम होतं.

मराठी अनुवादात एक छुपी लूट होते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. दर शब्दावर ठरतो, पण कोणत्या भाषेतल्या शब्दावर हे ठरत नाही. ‘फ्रॉम द पीपल ऑफ द व्हिलेज’ हे सहा शब्द. मराठीत ‘गावातल्या लोकांकडून’, दोन शब्द. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी मजकुरात शब्द कमी भरतात. मराठी शब्द मोजून पैसे घेणारा अनुवादक प्रत्येक पानावर तोटा सोसतो, आणि नेटकी मराठी लिहिणारा सर्वांत जास्त. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे, हे काम सुरू होण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.

अपवर्क, फायव्हर अशा फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या साइटवर आहात म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. तिथे ठरावीक रकमेच्या कामाला संरक्षण मिळतं ते रक्कम आधी साइटकडे जमा झाली असेल तरच. ‘कमिशन वाचवू, टेलिग्रामवर या’ म्हणणारा तुम्हाला त्या संरक्षणाबाहेर काढत असतो. ‘तुमचं खातं भाड्याने द्या, महिन्याला अमुक देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. त्या खात्यावर तो ज्याला फसवेल त्याच्या कागदावर नाव तुमचं असेल.

लेखक शोधणारेही फसतात. दाखवलेले नमुने एकाचे, प्रत्यक्ष लिहिणारा दुसरा, मधला माणूस दर खातो. किंवा इंग्रजी लेख यंत्राने मराठीत आणून ‘स्वतः लिहिलेला’ म्हणून विकतात; भाषा बदललेली असल्यामुळे चोरी पकडणाऱ्या साध्या साधनांत तो शंभर टक्के मौलिक दिसतो. त्यातली दोन तपशीलवार वाक्यं इंग्रजीत करून शोधली की मूळ बऱ्याचदा हाती लागतं. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ अशी वाक्यं दर परिच्छेदात आली तर लेखकाला पाच मिनिटं फोन करा आणि लेखातली एक माहिती कुठून घेतली ते विचारा. ज्याने लिहिलं आहे तो लगेच सांगतो. काम गूगल डॉक्समध्येच लिहून घ्या: आवृत्तींचा इतिहास उघडला की मजकूर चार दिवसांत वाढत गेला की रात्री ११ वाजता एका क्षणात येऊन पडला, हे दिसतं. यंत्राचा मजकूर ओळखणाऱ्या साधनांच्या टक्क्यांवर मात्र मराठी लेखकाचे पैसे अडवू नका. ती मराठीसाठी भरवशाची नाहीत आणि प्रामाणिक माणसावर नाहक आळ येतो.

पैसे देताना हक्काचा कागदही करून घ्या. मजकुराचे हक्क कोणाकडे, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे त्यात स्पष्ट हवं. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच मिळतात.