मारिओ-कॉन्ट्राच्या गर्दीत राहून गेलेल्या दोन कॅसेट

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावरून टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या ६० पिनांच्या कॅसेट खाली आल्या, तर ‘९९९९ इन १’ आधी बाजूला ठेवा. तेच मोजके गेम नावं बदलून फिरवलेले असतात. शोधायची ती ‘शॅटरहँड’, १९९१ची.

हातात बंदूक नाही, नुसते ठोसे. डबे फोडले की अल्फा-बीटा अक्षरं मिळतात. तीन जमली की मदतीला रोबो येतो. क्रम बदलला की रोबोही बदलतो, एकूण आठ. आहे त्याच रोबोचा क्रम पुन्हा जमवला, तर तो अंगावरचं चिलखत बनतो. मग थोडा वेळ धुमाकूळ! त्यामुळे दिसेल ते अक्षर उचलणं हा शुद्ध वेडेपणा.

‘गिमिक’ (सनसॉफ्ट, १९९२) दिसायला बाळबोध, खेळायला महाकठीण. फेकलेल्या ताऱ्यावर उडी मारून स्वार होता येतं, पण टप्पा चुकला की खड्ड्यातच. जपानी कॅसेटमधल्या चिपमुळे संगीत भरदार. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या नकलांवर तेच अनेकदा अर्धवट ऐकू येतं.

कॅसेट लागत नसेल तर फुंकू नका, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्हीकडच्या ३०-३० पिना उभ्या पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. तरीही पडद्यावर चौकटीच दिसल्या तर कॅसेट नव्हे, मशीनचा स्लॉटही ढिला झालेला असू शकतो.