प्राट: आवाजाचा तपास शिकणाऱ्यांनी हे फुकटचं सॉफ्टवेअर वापराच

फॉरेन्सिकमध्ये स्पीकर आयडेंटिफिकेशन, म्हणजे आवाजावरून माणूस ओळखणं, शिकणाऱ्यांनी आणि कॉल रेकॉर्डिंगच्या केसेस लढणाऱ्या वकिलांनीसुद्धा प्राट हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर एकदा तरी हाताळावं असं मला मनापासून वाटतं. आम्सटरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोघांचं काम आहे, एक पैसा लागत नाही, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं. दिसायला जुनाट आहे, त्याचं सोडा.

खरी मजा फाइल उघडल्यावर. वर आवाजाची लाट, खाली स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणत्या फ्रिक्वेन्सीत किती जोर आहे त्याचं चित्र), त्यावर फॉरमंटचे, म्हणजे तोंड-घशाच्या आकारामुळे ज्या फ्रिक्वेन्सी ठळक होतात त्यांचे, लाल ठिपके. समजा वादातल्या कॉलमध्ये माणूस "नाही" म्हणालाय आणि संशयिताच्या आवाजाच्या नमुन्यातही तोच शब्द आहे, तर दोन्हीकडची "ही" सिलेक्ट करून ऐकायची, मग फॉरमंटचे आकडे काढायचे. पण सेटिंग बघूनच. फॉरमंटची वरची मर्यादा आधीपासून ५५०० हर्ट्झ ठेवलेली असते, ती बायकांच्या आवाजाला ठीक, पुरुषाच्या आवाजाला ५००० करा, नाहीतर "ऊ"सारख्या स्वरात खालचे दोन फॉरमंट एकच धरले जाऊ शकतात आणि आकडा दिसायला एकदम व्यवस्थित पण चुकीचा येतो!

फोनचं रेकॉर्डिंग असेल तर अजून जपून. साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो, त्यामुळे "ई"चा पहिला फॉरमंट, जो मुळातच ३०० च्या आसपास असतो, तो आहे त्यापेक्षा वर सरकलेला दिसतो. आपल्या मराठीत "चाक"मधला च आणि "चार"मधला च यांतला बराच फरक वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तोही फोनवर पुसट होतो. म्हणून कॉल आणि स्टुडिओतला स्वच्छ नमुना यांचे आकडे नुसते शेजारी मांडून निकाल देणं मला अजिबात पटत नाही.

प्राट "मॅच ९५ टक्के" असं काही सांगत नाही आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स केर्स्टाने व्हॉइसप्रिंट (आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम) म्हणजे बोटाच्या ठशासारखी खात्रीची गोष्ट असं मांडलं होतं, पुढे त्यावर भरपूर टीका झाली, कारण एकच माणूस सर्दीत, रागात, घाईत वेगळा बोलतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या रितेश सिन्हा निकालानंतर मॅजिस्ट्रेट आरोपीला आवाजाचा नमुना द्यायला लावू शकतो, नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३४९ मध्येही ते आलंय, म्हणजे असे रिपोर्ट कोर्टात येतच राहणार आणि उलटतपासणीत सेटिंग काय होतं हे विचारणारा वकील हवाच.

फोनमधली एम४ए फाइल मात्र सरळ उघडत नाही, तिची कॉपी वेव्ह (.wav) फॉरमॅटमध्ये करून घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. माझ्याकडून साडेचार स्टार. सुरुवात हेल्पमधल्या इंट्रोपासून करा, तिथे सगळं नीट समजावलंय.