असायनिक सेल कार्सिनोमा: एनआर४ए३चा रंग पाहावा की फिश?

या लाळग्रंथीच्या कर्करोगात बहुधा एनआर४ए३ हे जनुक बिघडत नाही, चुकीच्या जागी जागं होतं. गुणसूत्र ४ व ९ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि लाळेतली प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचे सदा चालू असलेले एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारे डीएनएचे तुकडे) एनआर४ए३च्या शेजारी येतात. दोन जनुकं जोडून बनणारं संकरित प्रथिन तयार होत नाही. अख्खं एनआर४ए३च अतोनात बनतं. २०१९ मध्ये हे उलगडलं.

म्हणून आधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी. साधारण ४ मायक्रॉनचा काप पुरतो, सुईच्या नमुन्याचा सेल ब्लॉकही (पेशी गोळा करून बनवलेला ठोकळा) चालतो. रंग केंद्रकातच हवा. पेशीद्रवातला धरू नका. निरोगी असायनस, म्हणजे लाळ बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, रंगत नाहीत (डॉग१ ही दुसरी रंगचाचणी त्यांनाही रंगवते, तिथेच घोळ होतो). मात्र त्यामुळे पॉझिटिव्ह कंट्रोल (रंग हमखास येतो असा नमुना) वेगळा लावावा लागतो.

फिश म्हणजे चमकत्या डीएनए-तुकड्यांनी (प्रोबनी) गुणसूत्रांतला फेरबदल शोधणारी चाचणी. ती महाग, रात्रभर हायब्रिडायझेशन (प्रोब डीएनएला चिकटणं), शिवाय पातळ कापात केंद्रकं अर्धवट कापली जाऊन संकेत हरवतात. तुटण्याची जागा दर रुग्णात सरकते, त्यामुळे प्रोब फेरबदल चुकवू शकतो. फिश निगेटिव्ह आली म्हणून निदान फेटाळू नये. नमुन्याचं स्थिरीकरण (रसायनात टिकवणं) बिघडून एनआर४ए३चा रंग फिका पडला असेल, तर फिशचा आधार घ्यावा.

रंग नाहीच आला, तर सिक्रेटरी कार्सिनोमा या दिसायला सारख्या लाळग्रंथीच्या कर्करोगासाठी एस१०० व मॅमाग्लोबिन ही प्रथिनं आणि ईटीव्ही६ जनुक तपासा: तिथे ईटीव्ही६ला जोडल्या गेलेल्या एनटीआरके३ जनुकावर औषध आहे.