रुळलं कोण: नोंदी पाहायच्या की माणसाला विचारायचं?

स्थलांतरित नव्या मुलखात रुळला की नाही, हे युरोपीय संघ मुख्यतः आकडेवारीतून पाहतो. 2010 मध्ये स्पेनमधल्या झारागोझा शहरात ठरलेल्या निर्देशकांत रोजगार, शिक्षण, सामाजिक समावेश आणि सक्रिय नागरिकत्व येतं. नियमित सर्वेक्षणांतून हे मिळतं, देशादेशांची तुलनाही होते.

2018 मध्ये मांडलेल्या आयपीएल (इमिग्रेशन पॉलिसी लॅब, क्रिकेटची नव्हे) निर्देशांकाची तऱ्हा वेगळी: तो थेट माणसालाच विचारतो. स्टॅनफर्ड आणि झुरिकच्या संशोधकांनी 12 आणि 24 प्रश्नांच्या दोन आवृत्त्या केल्या. मानसिक, आर्थिक, राजकीय, सामाजिक, भाषिक अशा पाच बाजू. सहावी म्हणजे व्यवहार जमणं: डॉक्टर गाठणं, काम शोधणं. स्थानिकांसोबत किती वेळा जेवलात, हेही विचारतात!

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतला बिहारी कामगार घ्या. तो निर्वासित नाही, परदेशीही नाही. पण पहिली मोजपट्टी लावली तर पगार सुरू, म्हणजे गडी रुळला. दुसरी लावली की विचारावं लागतं: टपरीपुरती मराठी येते, पण घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढून ओपीडी सापडते का? घरमालकाच्या घरी पंगतीला कधी बसलाय? रोजगाराच्या रकान्यात हे कुठं उमटणार?

अर्थात दुसरी महाग पडते. भाषांतर हवं, दारोदार जावं लागतं, आणि मालकासमोर विचारलं तर कोणीही “सगळं बरंय” म्हणणार. देशभराचं चित्र हवं तर पहिलीच बरी. पण वाळूजच्या एखाद्या वस्तीत नेमकं काय कमी पडतंय ते शोधायचं असेल, तर मी 12 प्रश्नांचा कागद घेऊन निघेन, तोही सुट्टीच्या दिवशी.