शेळ्यांची कांडी, उन्हाळा ते दिवाळी: दूध वाढलं, पण चुऱ्याचं काय?

परवा शेळ्यांच्या कांडीची, म्हणजे दाबून गोळ्या केलेल्या तयार खुराकाची, नवी गोणी फोडली आणि तळाला परत तोच चुरा. चाळणीने चाळून तो वेगळा काढला, वजनकाट्यावर ठेवला, तर 50 किलोच्या गोणीत चार किलोच्या वर. दुकानदाराला फोन केला. त्याने कंपनीच्या माणसाचा नंबर दिला. तो माणूस म्हणतो, "भाऊ, वाहतुकीत थोडाफार बुरा होतोच, कस तोच असतो." कस तोच आहे हे मला मान्य. पण तो शेळीच्या पोटात जायला हवा ना! किलोला 32 रुपये धरले तर गोणीमागे 128 रुपये गव्हाणीच्या तळाशी पडून राहतात. म्हणून आज हे सविस्तर लिहितो आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण ही तक्रार इतर कांड्यांबद्दलही ऐकतो. 16 टक्के प्रोटीन, अमुक फॅट, तमुक फायबर हे गोणीवर सगळ्यांनी वाचलेलं असतं, ते परत सांगत नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले. सुरती शेळ्या आणि थोड्या गावरान, सगळ्या दुधावरच्या, बहुतेक वेळ गोठ्यातच. आधी सरकी ढेप आणि मक्याचा भरडा चालायचा, वरून मिनरल मिक्स्चर (खनिजांची पावडर). भरड्याचा त्रास शेळी पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शेळीचे ओठ फार चपळ. ती मक्याचे कण बरोबर वेचते आणि पीठ सोडते. मिनरल मिक्स्चर वजनदार, ते तळाला बसतं आणि तिथेच राहतं. म्हणजे जे सगळ्यात महाग, तेच पोटात जात नाही. कांडी घ्यायची ती याचसाठी. प्रत्येक घासात सगळं सारखं, निवडायला वाव नाही.

आणि याच कारणामुळे मला चुऱ्याचा राग येतो. कांडीचा चुरा झाला की आपण परत भरड्यावर आलो, फक्त जास्त पैसे देऊन. शेळीला पीठ नाकात गेलेलं खपत नाही, ती फुंकर मारून मान वळवते. गव्हाणीत लाळेने त्याचा लगदा होतो, तो आंबतो, मग त्यावर टाकलेली चांगली कांडीही ती हुंगून सोडते. पहिल्या गोणीच्या वेळी माय म्हणाली होती, "बकऱ्या खातस नई, मंग काब्र लयना?" (बकऱ्या खात नाहीत, मग कशाला आणलं?) तेव्हा माझंही मत कांडीच्या विरोधातच गेलं होतं.

ते मत पुढे बदललं. जुन्या खुराकावरून कांडीवर आणताना आठ-दहा दिवस घेतले, रोज थोडी कांडी वाढवत आणि थोडा भरडा कमी करत. हे प्रत्येकाने करावं, एकदम बदल केला की पोटात आम्ल वाढतं, शेळी चारा सोडते, हगवण लागते. महिनाभरात दुधात फरक दिसला. चांगल्या शेळ्यांना वेळेला अर्धा पाव जास्त, आणि मुख्य म्हणजे रोजचं दूध एकसारखं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, दरवर्षी मे महिन्यात दूध निम्म्यावर यायचं. यंदा उतरलं, पण तेवढं नाही. केसांना चकाकी आली. खुराक म्हणून कांडी चांगली आहे, हे मी मोकळेपणाने लिहितो.

पण टक्केवारी वाचून भुलू नका. गोणीवर लिहिलेलं क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणलेला आकडा. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे खाद्यात 1 टक्का युरिया मिसळला की कागदावर प्रोटीन जवळजवळ 2.9 टक्क्यांनी वाढतं. मोठ्या शेळीच्या पोटातले जीवाणू थोडा युरिया वापरतात, सोबत मक्यासारखं धान्य असेल तर. पण करडांचं पोट अजून तयार झालेलं नसतं, त्यांना असं खाद्य अजिबात देऊ नये. दुकानात एकच विचारायचं: यात युरिया आहे का, आणि गोणीवर तसं लिहिलंय का? माझ्या गोणीवर "युरिया नाही" असं स्पष्ट छापलेलं आहे, हा त्यांचा मोठा गुण.

कॅल्शियम-फॉस्फरसचा आकडा मात्र कुठेच नाही. "आवश्यक खनिजे" एवढंच. दुधाच्या शेळीसाठी कॅल्शियम हवंच, पण बोकडासाठी हा आकडा जास्त महत्त्वाचा. धान्य आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण 2 ला 1 नसेल तर बोकडाच्या लघवीच्या मार्गात खडे होऊ शकतात. पावसाळ्यात आमचा बोकड लघवीला जोर करायला लागला. डॉक्टरांनी खुराक थांबवायला आणि पाणी वाढवायला सांगितलं, औषध दिलं, तो वाचला. कांडीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण आकडा छापलेला असता तर मला तपासता आलं असतं. तेव्हापासून बोकडाला कांडी बंद, तूर भुसा, हरभऱ्याचं कुटार आणि शेवरीचा पाला यावर तो ठणठणीत आहे.

चुऱ्याचं मी काय काय केलं तेही सांगतो. पाण्यात भिजवून दिला, ताजा असताना शेळ्या खातात, पण मेच्या उन्हात तासाभरात आंबट वास येतो. गुळाच्या पाण्यात कालवून दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याच्या कुट्टीवर शिंपडला, हे जमलं, कुट्टीही जास्त खाल्ली गेली. म्हैस तसाच खाते, पण म्हशीला शेळीच्या भावाचा खुराक परवडत नाही. एक ठेलारी (मेंढपाळ) ओळखीचा आहे, त्याने मेंढ्यांसाठी चुरा विकत मागितला. मी दिला नाही. शेळीच्या खाद्यात तांबं मेंढीला सोसेल त्याहून जास्त असू शकतं, ते मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस विषबाधा होते. ज्यांच्या वाड्यात दोन्ही आहेत त्यांनी गव्हाणी वेगळ्या ठेवा.

पावसाळ्यात चुऱ्याची दुसरी काळजी. पीठ ओल लवकर धरतं, बुरशी तिथूनच सुरू होते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. आमचा रतीब लहान मुलांच्या घरी आहे, म्हणून वास आलेला चुरा सरळ उकिरड्यावर. गोणी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

सध्या असं चालू आहे. दुधाच्या शेळीला लिटरमागे 350 ते 400 ग्रॅम खुराक, दोन वेळा वाटून, चारा आधी. त्यात निम्मी कांडी आणि निम्मं घरचं मिश्रण: मका भरडा 40 किलो, सरकी ढेप 25, तूर चुनी (डाळ करताना उरणारे तुकडे आणि टरफलं) 20, गव्हाचा कोंडा 12, मिनरल मिक्स्चर 2, मीठ 1. जळगावात दाल मिल इतक्या आहेत की चुनी स्वस्तात आणि ताजी मिळते, तो फायदा सोडू नये. मिश्रणावर हलका पाण्याचा हबका मारून ढवळलं की मिनरल कणांना चिकटतं. आटलेल्या आणि गाभण नसलेल्या शेळ्यांना कांडी देतच नाही. खर्च बराच उतरला, दूध तेवढंच आहे.

दुकानदाराशी बोलून ठरवलं आहे की गोणी त्याच्यासमोर आडवी करून तळ चाचपायचा, तयार केल्याची तारीख महिन्याच्या आतली हवी, आणि दीड किलोपेक्षा जास्त चुरा निघाला तर पुढच्या गोणीत भाव कमी. तो तयार झाला, कारण त्याच्याकडे इतरांच्याही तक्रारी आहेत. कंपनीला चुऱ्याचा फोटो आणि वजन पाठवलं आहे, त्यांचं उत्तर अजून नाही. आलं की इथेच खाली लिहीन.