अटलांटिक छोट्या विमानाने: ग्रीनलंडवरून की अझोर्समार्गे?

एका इंजिनाचं विमान कॅनडातून युरोपात न्यायचं तर नकाशा दोन वाटा दाखवतो.

उत्तरेची वाट तुकड्यातुकड्यांची. कॅनडातल्या इकालुइतहून ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं नूक साधारण ८२० किमी, तिथून पूर्व किनाऱ्यावरचं कुलुसुक ७००, मग आइसलंडचं रेक्याविक ७३०. ताशी २२० किमी वेगाला प्रत्येक टप्पा तीन-चार तासांचा. सेसना १८२सारख्या चार आसनी विमानाला इंधनाची जादा टाकी लागत नाही. पण नूक-कुलुसुक टप्प्यात खाली हिमचादर असते, अडीच-तीन हजार मीटर उंच. ढगात शिरलात की पंखांवर बर्फ धरतो आणि खाली उतरून तो वितळवायला जागाच उरत नाही. कुलुसुकची धावपट्टी खडीची. तिथे ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळेल हे गृहीत धरू नका, आधी लेखी कळवून पक्कं करा. आणि धुकं आलं तर दोन दिवस थांबायची तयारी मनापासून ठेवा.

दक्षिणेची वाट म्हणजे कॅनडातलं सेंट जॉन्स ते अझोर्स या पोर्तुगीज बेटांपैकी सांता मारिया: सुमारे २५०० किमी, सलग अकरा-बारा तास पाणी. हवा उबदार, बर्फाचा धोका कमी. मात्र केबिनमध्ये फेरी टाकी (इंधनाची तात्पुरती जादा टाकी), जादा वजनाची परवानगी आणि लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ हवा. समोरून वारा वाढला तर अझोर्सची बेटं येईपर्यंत मध्ये उतरायला काही नाही.

मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तो आइसलंड-ग्रीनलंडमार्गेच, उलट दिशेने. मीही तीच वाट निवडेन, तीही जून ते ऑगस्टमध्ये. दर चार तासांनी परत फिरायचा निर्णय घेता येतो, हे मला उबदार हवेपेक्षा मोलाचं वाटतं. सर्व्हायव्हल सूट (थंड पाण्यात जीव वाचवणारा पोशाख) मात्र दोन्हीकडे अंगात हवाच.