मासे कमी, मुलं सोबत: सिअ‍ॅटलजवळ सॅल्मनसाठी बोट, नदी की किनारा?

सिअ‍ॅटल-बेलव्ह्यूच्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले की एक बेत हमखास शिजतो: मुलांना घेऊन सॅल्मन पकडायला जाऊ. बेत छानच, पण मासा पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्युजेट साउंडमधला, म्हणजे शहरालगतच्या खाडीसारख्या समुद्रातला, चिनूक जातीचा सॅल्मन 1999 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. लेक वॉशिंग्टन तलावातली सॉकाय या दुसऱ्या जातीच्या सॅल्मनची हौशी मासेमारी 2006 नंतर उघडलेलीच नाही. म्हणून बुकिंग करण्याआधी स्वतःला विचारा, मासा लागलाच नाही तर मुलं चार-पाच तास काय करतील? खालचा कौल त्याच हिशेबाने दिला आहे.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर साउंडमधली गाइडची बोट घ्या. खर्च जास्त, पण पाणी आडोशाचं, त्यामुळे उलट्या कमी, आणि बऱ्याच बोटींवर संडास असतो. सहा वर्षांचं पोर सोबत असताना ही छोटी गोष्ट नव्हे. गळ वजन लावून खोल सोडतात आणि बोट संथ चालवतात. बराच वेळ गळाची दांडी हलतही नाही. गाइडची खरी पारख इथे होते. चांगला गाइड जाताना खेकड्यांचे पिंजरे टाकतो आणि परतताना दोर मुलांच्या हातात देतो. मग पट्टी लावून मापं घ्यायची: डंजनेस जातीचा खेकडा नरच हवा, पाठीची रुंदी किमान सव्वासहा इंच, कवच कडक. माद्या परत पाण्यात. सॅल्मन नाही तर नाही, रात्री कालवण तरी होतं. मात्र खेकड्यांचा हंगाम ठरावीक काळापुरता, काही ठिकाणी ठरावीक वारांनाच असतो आणि साउंडच्या काही भागांत बंदच, तेव्हा आधी विचारून घ्या.

सॅल्मन लागलाच तर शेपटीच्या अलीकडे, पाठीवरचा तो छोटा मांसल पर बघायचा. कापलेला असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे माणसांनी केंद्रात वाढवून सोडलेला. शाबूत असेल तर तो बहुधा नदीतच जन्मलेला, आणि असा चिनूक साउंडमध्ये सहसा सोडावाच लागतो. सोडायचा मासा बोटीत घ्यायचा नाही. पाण्यातच गळ काढायचा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे तो चिमट्याने पटकन निघतो. पर आहे की नाही हे मुलाला स्वतः वाकून बघू देणारा गाइड भेटला तर पैसे वसूल झाले असं मी समजते.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वेस्टपोर्ट बंदरातून खुल्या समुद्रात जाणाऱ्या बोटींवर कोहो जातीचा सॅल्मन चांगला लागतो, पण लाटा मोठ्या. दहाच्या आतल्या मुलांना तिथे नेऊ नये.

नदीचं गणित वेगळं. स्कायकोमिशसारख्या नदीत कोहो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चढतो. वल्ह्यांच्या ड्रिफ्ट बोटीत गाइडखेरीज दोन, फार तर तीन माणसं मावतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबाची फाटाफूट होते. पहाटेची थंडी वेगळीच. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई किंवा बाबा एकटेच जाणार असतील तर मी डोळे मिटून नदी सुचवेन. गाइडचं सगळं लक्ष तुमच्यावर असतं आणि प्रवाह बघून मासा कुठे असेल ते ओळखायला शिकता येतं.

आणि वर्ष विषम असेल तर? मग आधी किनारा. पिंक सॅल्मनचं आयुष्य दोन वर्षांचं, आणि साउंडमध्ये तो विषम वर्षांतच झुंडीने येतो. पुढची पाळी 2027 ची. ऑगस्टमध्ये वेस्ट सिअ‍ॅटलच्या लिंकन पार्कला दांडी आणि गुलाबी आमिष घेऊन उभं राहायचं. कंटाळलेली मुलं किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांत खेळतात, गाइडचा खर्च नाही.

बोट असो वा नदी, आगाऊ पैसे भरण्याआधी परताव्याचं विचाराच. मोसम दर वसंतात राज्य सरकार आणि अमेरिकी सरकारशी जुने करार असलेली आदिवासी राष्ट्रं मिळून ठरवतात (न्यायाधीश बोल्ट यांच्या 1974 च्या निकालाने पकडीतला निम्मा वाटा या आदिवासी राष्ट्रांचा), आणि ठरलेला कोटा भरला की मासेमारी तारखेआधीही बंद होते. अशा वेळी पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी घ्या. मासा नक्की मिळेल अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना परवाना लागत नाही, पण सॅल्मन आणि खेकड्यांसाठी पकड-नोंदीचं कार्ड त्यांनाही लागतं. ते निघण्याआधीच काढून ठेवा.